तानिमूचा नकटा चंद्र

तानिमू जाऊन आता तिसरं वर्ष लागलं, तरी आमच्या सुदानातल्या कस्सालाच्या तलवार बाजारात सकाळी पहिला हातोडा पडला की माझी मान अजून डावीकडेच वळते. डावीकडे त्याची भट्टी होती, उजवीकडे माझं म्यानांचं दुकान, आणि मध्ये झावळ्यांची एक चटई उभी केलेली. त्या चटईला त्याच्या ठिणग्यांनी इतकी भोकं पाडली होती की चाळीस वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड बघूनच बोललो. लोहार म्हटला की कपाळाला आठ्या असायच्याच. हा मात्र घाव घालता घालता हसायचा. पातं चांगलं निघालं की हसायचा, तडकलं की जास्त हसायचा. आमची भाषा, अरबी आणि त्याच्या घरची हौसा, अशा तिन्ही भाषा तो एकाच वाक्यात बोलायचा आणि तिन्ही चुकीच्या बोलायचा.

मी ओकीर, हदेंदोवा जमातीचा. म्यानं शिवतो. माझी जीभ माझ्या आरीपेक्षा तीक्ष्ण आहे असं बाजारात म्हणतात. म्हणतात ते खरं आहे, आणि ह्या गोष्टीत आधी तीच नडली, म्हणून आधीच सांगून टाकतो.

तानिमूचा आजा पार पश्चिमेकडच्या सोकोतोहून मक्केला निघालेला. पायी. खांद्यावर सरळ, रुंद, दुधारी तलवार, मुठीला आडवी पट्टी, आणि पोटात खड्डा. बोर्नू, दारफूर, नाईल, असं करत दीड वर्षानं तो कस्सालाला पोचला, आणि पहिल्याच दिवशी त्यानं बाजारात एका हदेंदोवा म्हाताऱ्याची गचांडी धरली. का, तर म्हाताऱ्याच्या खांद्यावर आजाचीच तलवार. तेच सरळ पातं, तीच आडवी पट्टी, पात्यावर तेच दोन चंद्र एकमेकांकडे तोंड करून बसलेले. आजाला वाटलं, रात्रीत कुणी आपली चोरली आणि आपल्याला मागे टाकून पुढे येऊन विकली. मग स्वतःच्या खांद्याकडे हात नेला तर तलवार तिथेच. म्हणजे माणूस दीड वर्ष चालतोय आणि तलवार त्याच्या आधी येऊन बसलीय. व्यापाऱ्यांचे उंट आजापेक्षा जुने होते, एवढाच त्याचा अर्थ. आजा त्या म्हाताऱ्याच्या पाया पडला, त्याच्याकडे कॉफी प्यायला, आणि समुद्र ओलांडायला पैसे साठवावेत म्हणून त्यानं इथे भट्टी घातली. पुढे तो इथेच वारला. मुलगाही इथेच वारला. मक्का राहिली ती राहिलीच. तीन पिढ्या झाल्या, तरी बाजार त्या घराला 'वाटसरूंचं घर' म्हणायचा.

ते दोन चंद्र मुळात कुणा फिरंग्याच्या कारखान्याचा शिक्का, असं रेल्वेतला एक कारकून सांगायचा. आम्ही ऐकून सोडून दिलं. चंद्र कुणाचे का असेनात, ते नसले तर तलवार विकली जात नाही, हे आम्हाला पुरे होतं. आमचे लोहार लॉरीच्या स्प्रिंगचे मोडके पाटे तापवून पाती काढतात आणि त्यावर चंद्र ठोकतात. पण गिऱ्हाइकाला हवी असते बाहेरून आलेली. इथला माणूस म्हणतो, इजिप्तकडची दाखवा. इजिप्तकडचा म्हणतो, सुदानची आहे का. प्रत्येक बाजारातली चांगली तलवार पलीकडच्या बाजारातून आलेली असते. पिकतं तिथे विकत नाही ते असं.

तानिमूला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आणि ती त्यानं मला निदान हजार वेळा सांगितली असेल. कस्सालातल्या एका तरी जाणत्या माणसानं त्याचं पातं नखानं वाजवावं, कानाशी धरावं आणि म्हणावं, चांगलं आहे. बस. आमची मंडळी काय करायची? टिचकी मारायची, कान लावायची आणि म्हणायची, "लॉरीचा हॉर्न वाजला." मग सगळे हसायचे. तानिमू त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसायचा. चटईच्या भोकातून मला त्याचं तोंड दिसायचं, म्हणून सांगतो, ते हसणं वेगळं होतं.

त्याची बायको तलातू. बारा वर्षं त्यांना मूल नव्हतं. तेराव्या वर्षी दिवस गेले, आणि तिला डोहाळे लागले आल्याच्या कॉफीचे. दिवसाला तीन जबना, म्हणजे कॉफीच्या सुरया, रिकाम्या व्हायच्या. एक दिवस आलं ठेचायला तिला बत्ता सापडेना, तर तिनं भट्टीवरचा चंद्राचा ठसा उचलला. ठसे दोन, एक डावीकडे बघणाऱ्या चंद्राचा आणि एक उजवीकडे बघणाऱ्या. तिनं उजवा घेतला, दगडावर आलं ठेवून दाणकन मारला, आणि चंद्राचं नाक उडालं. तिला दिवस गेलेत म्हटल्यावर तानिमू तिला कशाला बोलतोय? म्हणाला, नकटा तर नकटा, कॉफी कशी झालीय ते सांग.

आणि मग तो शुक्रवार. तानिमूनं अकरा पाती घडवून, पाणी पाजून, घासून ओळीनं मांडली होती. तेवढी चांगली पाती मी त्याच्या हातची आधी पाहिली नव्हती, पण तेव्हा बोललो नाही. ठसे मारायचं तेवढं राहिलं होतं. इतक्यात सुईणीनं गल्लीच्या तोंडातून हाक दिली, मुलगी झाली, आई बरी आहे. तानिमू एकदम दोन दिशांना पळाला. घराकडे पळावं तर पाती उघडी, पात्यांकडे बघावं तर घर हाका मारतंय. शेवटी त्यानं एका हातात दोन्ही ठसे, दुसऱ्यात हातोडा घेतला आणि गाणं म्हणत, नाचत, टक टक, टक टक, अकराच्या अकरा पाती मारून काढली. आणि हातोडा तसाच हातात घेऊन घराकडे धूम ठोकली. मुलीचं नाव जुम्मई ठेवलं, शुक्रवारची म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी चटईपलीकडे गेलो आणि बघतो तर डाव्या बाजूचा ठसा उजवीकडे, उजव्या बाजूचा डावीकडे. अकरा तलवारींवर बावीस चंद्र एकमेकांना पाठ करून बसलेले, त्यातले अकरा नकटे.

इथे माझी जीभ आली. चारचौघांत मी म्हणालो, "तानिमू, अरे तुझे चंद्र रुसलेत की."

झालं. दुपारपर्यंत सगळा बाजार रुसलेले चंद्र बघायला लोटला. संध्याकाळपर्यंत त्याला अर्थ फुटले. चंद्रानं पाठ फिरवली म्हणजे पातं ऐन वेळी मालकाला पाठ फिरवणार. शेख ओनूर, म्हणजे आमच्या वस्तीचे मुखिया, त्या आठवड्यात मुद्दाम तलवार घ्यायला आले होते. त्यांनी एक उचलली, चंद्र बघितले, "ही मला पाठ दाखवते" म्हणाले आणि टिचकीसुद्धा न मारता खाली ठेवली. शेखनी ठेवलेली तलवार कोण उचलणार? त्या अकरा तलवारी दोन महिने भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. तानिमूच्या पोरीच्या बारशाला, म्हणजे नाव ठेवायच्या मेजवानीला बकरा कापता आला नाही, कोंबडीवर भागवावं लागलं. मला त्याची लाज वाटली, अजून वाटते. मी अकरा तलवारींना फुकट म्यानं शिवून दिली, पण जीभ परत घेता येत नाही.

शेवटी मबखूत नावाचा रशायदा जमातीचा व्यापारी उंट घेऊन किनाऱ्याकडे निघाला होता. त्यानं त्या अकराही भंगाराच्या भावात उचलल्या, दोन उंटांवर लादल्या, पुढे गलबतात घातल्या आणि समुद्रापलीकडे अरबांच्या मुलखात नेल्या. तानिमूनं नवे ठसे करवून घेतले. नकटा ठसा तलातूनं रीतसर मागून घेतला, आलं ठेचायला.

आठ वर्षं गेली.

आठव्या वर्षी हजहून परतलेल्यांपैकी दोघा-तिघांनी तिकडून तलवारी आणल्या, आणि कस्सालाला वेड लागलं. हिजाजची, म्हणजे तिकडची, मक्केकडची तलवार. चंद्र एकमेकांना पाठ लावून! एक चंद्र पुढचा शत्रू बघतो, दुसरा आपली पाठ राखतो. मक्केच्या वाटेवरचा एकच जुना कारागीर म्हणे ती घडवतो, आणि ठसा मारताना तीन दिवस उपास धरतो. ज्यांनी तलवार बघितली नव्हती ते जास्त सांगत. ज्यांनी आठ वर्षांपूर्वी रुसलेल्या चंद्रांना हसून घेतलं होतं तेच आता लोहारांकडे येऊन म्हणत, पाठीला पाठ मारून द्या. सगळा बाजार पाठीला पाठ मारू लागला. तानिमूला ह्यात काहीच खटकलं नाही. तो मला म्हणाला, "बघ, तिकडच्या लोहारालाही शुक्रवारी मुलगी झाली असणार." आणि मनापासून खूश झाला, आपल्यासारखा दुसरा वेडा जगात आहे म्हणून.

मग एक दिवस शेख ओनूरांचा माणूस माझ्याकडे एक पातं घेऊन आला. शेखच्या मुलाचं लग्न एकोणीस दिवसांवर आलं होतं. नवऱ्या मुलाच्या खांद्यावर हिजाजची तलवार हवी म्हणून शेखनी तिच्यापायी सात सांडण्या दिल्या होत्या. मला फक्त नवं म्यान शिवायचं होतं, जुनं अगदीच साधं होतं म्हणे. मी ते साधं म्यान हातात घेतलं आणि उलटून बघितलं. टाका माझा होता. शेवटाला मी दोरा दुहेरी गुंडाळून दातानं तोडतो, ती गाठ माझी होती.

माणूस गेल्यावर मी चटईच्या भोकातून म्हणालो, "तानिमू, इकडे ये. हसू नकोस."

त्यानं पातं उजेडात धरलं. डावीकडे बघणारा चंद्र, उजवीकडे बघणारा चंद्र, आणि उजव्याला नाक नाही. तानिमूनं एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं, बोट लावून बघितलं. मग तो खाली बसला आणि असा हसला की मागे ठेवलेला पाण्याचा रांजण लवंडला, तो त्यात बसला आणि तरी हसतच राहिला. मीही हसलो. दोन म्हातारे चिखलात बसून एकमेकांच्या खांद्यावर डोकं आपटत होते. बाजार आमच्याकडे बघत होता. तोंडातून शब्द फुटत नव्हता म्हणून बरं.

शब्द फुटायला लागल्यावर मी त्याचं तोंड दाबलं. "ह्यातलं एक अक्षर बाहेर जायचं नाही. शेखनी सात सांडण्या दिल्यात. आपलीच तलवार आपण भंगारात घालवली आणि सात सांडण्यांना परत घेतली, असं लग्नाआधी कळलं तर शेख तोंड कुठे दाखवतील? आणि तुला ह्या गावात कोण ठेवील?"

त्याला पटलं. पण पटून उपयोग काय, कारण आमच्यात सकनाब आहे. हातात कॉफीचा पेला दिला आणि वडीलधाऱ्यानं विचारलं, सकनाब, की तुमच्याकडे जी बातमी असेल ती सांगायची. खरी सांगायची, सगळी सांगायची. त्यात लपवाछपवी केली तर त्या माणसाला पुढे कुठल्याच दारात पेला मिळत नाही. तानिमू हे आमच्यापेक्षा काकणभर जास्तच पाळायचा, वाटसरूंच्या घरातला ना. मग त्यानं उपाय काढला. लग्न पार पडेपर्यंत कॉफीच घ्यायची नाही. पेला नाही तर सकनाब नाही.

कस्सालात माणसानं कॉफी सोडली हे कुणाला खरं वाटेना. दुसऱ्या दिवशी त्याचं डोकं ठणकायला लागलं. तिसऱ्या दिवशी त्यानं कपाळाला फडकं आवळून बांधलं. चौथ्या दिवशी लोक विचारपूस करायला यायला लागले, आणि विचारपूस करायला येणारा माणूस आधी काय विचारतो, तर कॉफी घेऊ या का. तानिमू म्हातारा दिसला की गल्ली बदलायचा. एकदा मशिदीतून निघताना समोर तीन म्हातारे बघून तो लिंबाच्या बागेचं कुंपण ओलांडून गेला आणि मागच्या बाजूनं राखणदारानं त्याला लिंबू-चोर म्हणून धरून आणला. राखणदार म्हणाला, बस, आधी कॉफी घे, मग तुझं काय ते ऐकतो. तानिमू परत पळाला. आठव्या दिवशी कुणीतरी ठरवलं की ह्याला मेंदूचं वारं लागलंय, मानेवर तापल्या सळईचा डाग दिला पाहिजे. त्याच्याच भट्टीत त्यांनी सळई तापत घातली. मी मध्ये पडलो, म्हणून मान वाचली. बाजारात म्हणायला लागले, ओकीरला काहीतरी माहीत आहे. मग मीसुद्धा कॉफी सोडली. ते अकरा दिवस मला आठवले की अजून डोकं दुखतं.

आणि त्यात शेखचा दुसरा निरोप आला, ह्या वेळी तानिमूला. नवऱ्या मुलाच्या सात सोबत्यांनाही तसल्याच तलवारी हव्या होत्या. बाकीच्या लोहारांनी नमुने करून दाखवले होते, पण शेखना पसंत पडेनात. कारण काय, तर सगळ्यांच्या चंद्रांना नाक होतं. हिजाजच्या चंद्राचं नाक म्हणे लढाईत गेलंय, त्यानं मालकावरचा घाव स्वतःवर घेतलाय, आणि ते नसलेलं नाक कुणालाच जमत नव्हतं.

तानिमू घरी गेला आणि बायकोकडे ठसा मागितला. तलातू म्हणाली, "आलं कशानं ठेचू? लग्नात कॉफीचं काम माझ्याकडे आहे." शेवटी ठरलं की ठसा त्यानं तीन दिवस वापरायचा आणि लग्नाच्या सकाळी धुऊन परत द्यायचा. त्यानं जीव ओतून सात पाती काढली, चंद्र पाठीला पाठ मारले, आणि ह्या वेळी शुद्धीवर राहून मारले.

लग्न गाश नदीच्या कोरड्या पात्राकडेला, चटयांच्या मोठ्या मांडवात होतं. नदी आटलेली, वाळू तापलेली, समोर ताका नावाचे डोंगर. पोरं तलवारी थरथरवत उड्या मारत होती. तापल्या दगडांवर मटण चुरचुरत होतं आणि ज्वारीच्या घट्ट कण्यांच्या ढिगात मधोमध तूप ओतलेलं होतं. आम्ही दोघे कपाळाला फडकी बांधून एका खांबाआड बसलो होतो, नजर चुकवत. तेवढ्यात शेखनी लांबून हाक मारली, "उस्ताद, पुढे ये. तूही ये ओकीर."

शेखच्या मांडीवर हिजाजची तलवार होती आणि पुढ्यात त्या सात. चार म्हातारे गोल करून बसले होते. शेखनी स्वतःच्या हातानं पेला भरून तानिमूपुढे धरला. शेखच्या मुलाच्या लग्नात शेखच्या हातचा पेला नाकारणं म्हणजे काय ते सांगायला नको. तानिमूनं घेतला. एकोणीस दिवसांनी पोटात कॉफी गेली तेव्हा त्याचे डोळेच मिटले. दुसरा घेतला. तिसरा घेतला. तोपर्यंत शेख तलवारी वाजवत होते. हिजाजच्या तलवारीला टिचकी मारली, डोळे मिटून ऐकलं, मान डोलावली. मग नव्या पात्याला टिचकी मारली आणि मान हलवली.

"हुबेहूब केलंस," शेख म्हणाले. "नाकसुद्धा अचूक मोडलंयस. पण आवाज नाही रे आला. तिकडचा हात वेगळा, तिकडचं लोखंड वेगळं. तुझा काय दोष त्यात? हे शेवटी लॉरीचंच."

एक म्हातारा म्हणाला, हॉर्न वाजला. सगळे हसले. तानिमू हसला नाही. चाळीस वर्षांत मी त्याला पहिल्यांदा न हसलेलं बघितलं. स्वतःच्याच हाताशी तुलना करून त्याचा हात कमी ठरवला होता, आणि हे त्याला एकट्यालाच माहीत होतं. मला माहीत होतं ते सोडून.

शेखनी चौथा पेला भरला. "बरं, सकनाब?"

मी मान इतक्या जोरात हलवली की केसांत खोवलेला लाकडी कंगवा उडून कण्यांत पडला. तानिमूनं माझ्याकडे बघितलं नाही.

"शेख, बातमी अशी की आठ वर्षांपूर्वी एका शुक्रवारी मला मुलगी झाली."

"जुनी बातमी आहे," शेख म्हणाले.

"जुनीच आहे. पण पूर्ण सांगायची राहिलीय."

आणि त्यानं सांगितली. आल्याचे डोहाळे, उडालेलं नाक, एका हातातले दोन ठसे, अकरा पाती, मबखूतचे दोन उंट. सांगता सांगता तो उठून उभा राहिला, त्या दिवशी कसा नाचत ठसे मारले ते नाचून दाखवलं, तीन भाषा एकमेकींत मिसळल्या, आणि तरी सगळ्यांना सगळं कळलं. उड्या मारणारी पोरं थांबली. शेखच्या चुलतभावाचा हात तलवारीवर गेला. तो ओरडला की वाटसरू आता शेखच्या घरात बसून शेखला फसलेला म्हणतोय. मी उठलो आणि म्हणालो, म्यानाचा टाका माझा आहे, जुनं म्यान आणून बघा, आणि रुसलेले चंद्र हे नावही माझंच होतं, शिक्षा करायची तर आधी माझ्या जिभेला करा. असलं शहाणपण मला आठ वर्षं उशिरा सुचलं.

शेख म्हणाले, "ठसा कुठाय?"

ठसा बायकांच्या बाजूला होता. तलातू तिथे बसून शंभर माणसांच्या कॉफीसाठी त्यानंच आलं ठेचत होती. तिला बोलावलं तर ती ठसा हातात घेऊन तशीच आली, पदर सावरत, आणि काय झालंय हे न कळून मला म्हणाली, "भाऊजी, लवकर द्या हं परत, पाणी उकळतंय." नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, इथे नकट्यानंच दुसऱ्याच्या लग्नात विघ्न आणलं होतं.

तानिमूनं ठसा अंगरख्याला पुसला, परातीतल्या घट्ट कण्यांवर दाबला आणि उचलला. कण्यांत चंद्र उमटला. डोळा, ओठ, हनुवटी, आणि नाकाच्या जागी खळगा. शेखनी हिजाजची तलवार परातीत त्याच्या शेजारी ठेवली. पाच म्हातारी डोकी एकमेकांवर आपटली, इतकी ती खाली वाकली. खळगा तोच होता. कुणी म्हणालं, ह्याला आल्याचा वास येतोय.

शेख ओनूरांनी तलवार उचलून तूप पुसलं. "आठ वर्षांपूर्वी ही मी हातात घेतली होती?"

"घेतली होती," तानिमू म्हणाला.

"वाजवून बघितली होती?"

"नाही. चंद्र बघितलेत आणि ठेवलीत."

शेखनी तलवारीला टिचकी मारली आणि ऐकलं. मग डोळे घट्ट मिटून नव्या सातांतल्या एकीला मारली, दुसरीला मारली. एका म्हाताऱ्याला सांगितलं, तू वाजव, कोणती ते मला सांगू नकोस. त्यानं एकेक वाजवली. शेख प्रत्येक वेळी "हिजाजची" म्हणाले. आठपैकी सात वेळा चुकले. सातव्या चुकीला त्यांच्या चुलतभावाला हसू फुटलं, मग पोरांना, मग सगळ्या मांडवाला. शेख हसले ते शेवटी, आणि हसायला लागल्यावर त्यांना थांबवेना.

"सात सांडण्या गेल्या त्या भाड्याच्या," ते डोळे पुसत म्हणाले. "लोखंड इथलंच, भाडं तेवढं समुद्राचं." मग त्यांनी तानिमूचा हात धरला. "तुझा आजा जिथे निघाला होता तिथे ही जाऊन आली. तुझ्या घरातलं कुणीतरी पोचलं. ह्यापुढे तुझ्या घराला कुणी वाटसरूंचं घर म्हणायचं नाही. वाटसरू ही होती. तू कस्सालाचा."

तानिमूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी रडलो हे सांगायला मला लाज नाही. तलातूला अजूनही नीट कळलं नव्हतं, पण नवरा रडतोय म्हणून तीही रडली, आणि रडता रडता ठसा उचलून घेऊन गेली.

तानिमूनं नाक पुसलं. "पण शेख, पातं कसं आहे?"

"चांगलं आहे," शेख म्हणाले.

चौथा पेला झाला होता आणि आमच्यात पेले विषम व्हावे लागतात, म्हणून शेखनी पाचवा भरला. तानिमू तो प्यायला आणि त्यानं परत विचारलं, पातं कसं आहे. शेख म्हणाले, चांगलं आहे. त्या दिवशी तानिमू अकरा पेले प्यायला. प्रत्येक पेल्याला त्यानं तेच विचारलं, आणि शेखनी प्रत्येक वेळी तेच सांगितलं.